तापलेल्या चाकावरचं पाणी

वसंता, तू गेल्याची तार मला मिरजगावच्या बाजारात मिळाली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. नव्या बैलगाडीच्या आखावर हात ठेवून ते मला सांगत होतं की बाभूळ ओली आहे, आणि मी त्याला सांगत होतो की ओली तुझी अक्कल आहे. तार इंग्रजीत होती. टपालमास्तर स्वतः घेऊन आले. मला बाजूला नेऊन त्यांनी ती मराठीत सांगितली, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पळाला."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी परत गिऱ्हाइकाकडे गेलो आणि सौदा पुरा केला. बाभूळ वाळलेलीच होती. गाडी जुंपून तो गेला, मग मी तिथल्याच एका ओंडक्यावर बसलो तो बाजार उठेस्तोवर.

यावरून मी रडलो असेन असं समजू नकोस. मला राग आला होता. अजून आहे. विषमज्वरात माणूस तीन आठवडे पडून असतो. तीन आठवड्यांत एक ओळ लिहिता येते. हात चालत नसेल तर सांगून लिहवून घेता येते. तू ती लिहिली नाहीस.

नगरच्या एका साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, तुम्ही त्यांचे बालमित्र, दोन शब्द लिहून द्या. जन्म, शिक्षण, नोकऱ्या, हे सगळं त्यांच्याकडे आहे म्हणे. बरं झालं. म्हणजे तुझ्याशी बोलायला मला जागा मोकळी मिळाली.

कर्जतच्या शाळेत तू माझ्या शेजारी बसायचास. तुझे वडीलच आमचे मास्तर, आणि हुशार पोरांत बसून तू शेफारशील अशी त्यांना भीती, म्हणून तुला माझ्याजवळ बसवलेलं. तू मला गणितं सोडवून द्यायचास, मी तुला बोरं द्यायचो. एकदा आठ गणितांना मी मूठभर बोरं दिली, तीही किडकी. दुसऱ्या दिवशी तू ती रुमालात बांधून परत आणलीस आणि माझ्या पुढ्यात ठेवलीस. एक शब्द बोलला नाहीस. तुझी ही खोड तेव्हापासूनची. जिथं माणसानं भांडायला हवं, समोरच्याचा बाप काढायला हवा, तिथं तू गप्प बसायचास. मग समोरच्याला वाटायचं की किडकी बोरं नाहीत, आपणच आहोत.

मी चौथीला शाळा सोडली. तू पुढं नगरला शिकायला गेलास, मी एका सुताराच्या हाताखाली लागलो. माझा हात कधीच चांगला नव्हता, पण तोंड चांगलं होतं. दहा वर्षांत मिरजगावात माझा स्वतःचा गाड्यांचा कारखाना उभा राहिला. गाड्या मी विकायचो, करायचा भिवा सुतार. भिवा माझ्याकडे आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं मी केलेलं एक चाक हातानं फिरवून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मालक, ही गाडी इकू नगा. चाक डुगडुगतंय. तुमचं नाव जाईल." मी त्याला हाताला येईल ते फेकून मारलं. संध्याकाळी त्यालाच मुख्य मिस्त्री केलं.

तुला भिवाचं काम ठाऊक होतं, पण हे वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, चौघं मिळून सांडशांनी उचलतात आणि चाकावर बसवतात. लाकूड पेट घ्यायच्या आत वरून पाणी ओततात. लोखंड आवळतं आणि चाक जन्मभराचं घट्ट होतं. पाणी पडायला उशीर झाला तर लाकूड जळतं, घाई झाली तर धाव वेडीवाकडी बसते. भिवाचं पाणी वीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. जळक्या लाकडाच्या वासावरून त्याला वेळ कळायची. तापलेलं चाक दिसलं की पाणी, हे तो ठरवत नसे. त्याचा हातच तिकडं जायचा.

मग लढाई आली आणि तू लष्कराच्या विमानांच्या कारखान्यात शिकलास. लढाई संपली, आणि लष्करानं आमच्या माळावर सपाट करून ठेवलेली धावपट्टी ओस पडली. तिच्यावर मेंढरं बसायला लागली. वर्षभरानं मुंबईहून हैदराबादेकडे उतारू नेणाऱ्या एका विमान कंपनीला अडीअडचणीत उतरायला वाटेत जागा हवी झाली, आणि तिची देखरेख करायला तू आलास. खाकी अर्धी विजार, पायात बूट. गावानं तुझं नाव ठेवलं 'विमानमास्तर'.

माळावरचं काम मला मिळालं ते तुझ्यामुळं. गुरं हाकलायची, खडे वेचायचे, पाण्याची गाडी तयार ठेवायची, विमान उतरलंच तर चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे. कंपनीचा साहेब भाव सांगायला आला तेव्हा तू मधे दुभाषा होतास. मी काय बोलतोय ते तू जसंच्या तसं सांगत नव्हतास हे मला कळत होतं, कारण मी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि साहेब हसून 'थँक यू' म्हणाला. तो गेल्यावर आपण दोघं खोलीत किती वेळ हसत होतो. तुझ्याइतकं पोट धरून हसणारा माणूस मी पाहिला नाही. तू माझं काम केलंस हे मी तोंडानं कधी कबूल केलं नाही. आता करतो.

पण त्याच खोलीत ती पाटी होती.

चौकटीत बसवलेला छापील कागद, वरपासून खालपर्यंत इंग्रजी. मी विचारलं, "ह्ये काय लिवलंय?"

"नियम आहेत."

"कशाचे?"

"विमान उतरल्यावर काय करायचं, काय करायचं नाही, त्याचे."

"मंग मराठीत लिव की. माजी मान्सं काय इंग्रजी वाचत्यात?"

तू रजिस्टरमधून डोकं वर न काढता म्हणालास, "श्रीपती, तुझ्या माणसांनी ठोकळे लावायचे आणि गुरं हाकलायची. त्याला नियम कशाला लागतात?"

मला ते लागलं. तुझ्या घरात पंचांग तुझे वडील वाचायचे आणि आम्ही ओट्याखाली उभं राहून मुहूर्त ऐकायचो. ज्ञान वरून खाली यायचं, तेही लागेल तेवढंच. तू विमानाच्या कारखान्यात शिकून आलास, पण ओटा बरोबर घेऊन आलास, असं मला वाटलं. हे मी तुला त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण काम नवं मिळालं होतं, म्हणून गिळलं. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी गिळल्यात, त्यातली ही एक.

मग पाडव्याच्या चार दिवस आधी ते विमान आलं.

दुपारची वेळ. माळ भाजत होता. इंजिनाचं तेल गळतंय म्हणून वैमानिकानं आमच्याकडे उतरायचं ठरवलं होतं. विमानानं एक घेर घेतला आणि धुरळा उडवत ते टेकलं. पट्टी आखूड, म्हणून वैमानिकानं ब्रेक जोरात दाबले असावेत. उजव्या चाकाचा ब्रेक आवळला तो सुटलाच नाही. विमान उजवीकडे ओढलं गेलं, तिरकं होत होत पट्टीच्या टोकाला बांधाजवळ थांबलं. उजव्या चाकातून धूर निघत होता. आत वीस-एक माणसं, आणि पंखांत पेट्रोल.

त्या घडीला मी जो वसंत पाहिला तो मला कधी विसरता येणार नाही. एरवी तुझा आवाज शेजारच्याला ऐकू जायचा नाही. तू विमानाच्या नाकासमोर उभा राहिलास, दोन्ही हात वर करून वैमानिकाला खुणा केल्यास आणि ओरडलास, "डाव्या चाकाला ठोकळे! पुढून एक, मागून एक!" माझ्या माणसांबरोबर माळावर आलेल्या भिवानं धावत जाऊन ते लावले. ठोकळे बसल्याची खूण मिळताच वैमानिकानं ब्रेकवरचा पाय काढला, म्हणजे तापलेल्या चाकावर दाब राहू नये. मागच्या डाव्या दारानं तू उतारू उतरवलेस आणि सगळ्यांना शेपटीच्या मागं दूर नेलंस. एक लठ्ठ शेटजी आपली पेटी घ्यायला परत वळले, तर तू त्यांना कोटाला धरून ओढलंस.

"मेरा सामान!" ते ओरडले.

"सामान यहीं रहेगा. आप भी यहीं रहना चाहते हैं क्या?"

वीसच्या वीस माणसं तू सुखरूप काढलीस. हे कुणी छापलं नाही, म्हणून मी छापतोय.

तापलेल्या चाकाला हात लावायचा नसतो. त्याच्या बाजूला उभं राहायचं नसतं, जायचंच तर समोरून किंवा मागून. कोरडी वाळू हाताशी ठेवायची, आग दिसली तरच टाकायची, नाहीतर ते आपोआप थंड होईस्तोवर तास-दोन तास वाट बघायची. पाणी तर मुळीच टाकायचं नसतं. चाकाचा धातू आपल्या लोखंडासारखा नाही. तो पाण्यानं एकदम आवळतो, तडकतो, आणि टायरातल्या हवेच्या जोरानं त्याचे तुकडे बाजूला तोफेच्या गोळ्यासारखे उडतात. हे सगळं मी आज लिहू शकतो. त्या दिवशी माळावर हे एकट्या तुला माहीत होतं. आणि त्या पाटीला.

भिवा ठोकळे लावून विमानाच्या पोटाखालून पलीकडे आला. त्याला समोर काय दिसलं? तापलेलं चाक. धूर. आणि हाताशी, उतारूंना प्यायला म्हणून आणलेली पाण्याची गाडी. त्यानं एक घागर ओतली. चर्रर्र झालं, वाफ उठली. मी लांबून पाहिलं आणि मला काही वावगं वाटलं नाही वसंता, माझ्या मनात आलं, शाबास भिवा. तो दुसरी घागर उचलत होता तेव्हा तू शेपटीकडून धावत आलास. "भिवा, सोड! सोड ती!" तू त्याला मागून कंबरेला मिठी मारून चाकाच्या बाजूतून विमानाच्या नाकाकडे ओढलंस, आणि चाक फुटलं.

भिवाचा उजवा हात कोपराखाली गेला. तुझा उजवा कान कायमचा बहिरा झाला. तू ओढलं नसतंस तर तो तुकडा भिवाच्या छातीत बसला असता, हे नगरच्या डॉक्टरांनीही सांगितलं. मोटारीत भिवाचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तुझ्या कानातून रक्त गळत होतं आणि तू त्याला एकच म्हणत होतास, "भिवा, डोळे उघडे ठेव."

इथवर मला तुझ्याबद्दल काही म्हणायचं नाही.

पुढं मुंबईहून एक साहेब चौकशीला आला. पांढरी विजार, खुर्चीवर आधी रुमाल अंथरून मग बसला. मला दाराशी उभं केलं. त्यानं काहीतरी विचारलं. तू पाटीकडे बोट केलंस. त्यानं पाटीकडे पाहिलं, मान हलवली आणि लिहून घेतलं. बस. एका माणसाच्या हाताची चौकशी तेवढ्यात संपली.

बाहेर आल्यावर मी तुला धरलं. "काय म्हनालास?"

"त्यानं विचारलं, नियम लावलेले होते का. मी म्हटलं, होते."

"इंग्रजीत हुते, कुनाला वाचता येत न्हवते, ह्ये सांगितलंस?"

"त्यानं ते विचारलं नाही."

"न्हाई इचारलं? आरं, तू काय कोर्टात हुतास? आपनहून सांगायचं!"

मी मुद्दाम तुझ्या बहिऱ्या कानाच्या बाजूला जाऊन तुला शिव्या दिल्या, म्हणजे तुला ऐकण्यासाठी मान वळवावी लागेल. तू मान वळवून ऐकल्यास.

कंपनीचं पत्र आलं, की लावलेल्या सूचनेविरुद्ध वागून मजुरानं चाक फोडलं. ते पत्र चावडीत वाचलं गेलं, आणि त्या दिवसापासून भिवा गावाचा हसण्याचा विषय झाला. ज्याच्या पाण्याची पंचक्रोशीत वाखाणणी व्हायची त्याला बाजारात लोक म्हणायला लागले, "भिवा मिस्त्री, चुलीवर पानी टाकू नगा बरं, फुटंल." दुसरा म्हणायचा, "बैल बुजवावा तसं इमान बुजवलं रं ह्यानं!" भिवा हसायचा. हात गेल्याचं त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. पण मी कारखान्यात त्याला बसवून ठेवलं, धाव चढवताना पाणी कधी टाकायचं ते तो सांगेल म्हणून, तर तोंडानं 'आता' म्हणायच्या आधी तो एकदा माझ्याकडे बघायला लागला. वीस वर्षांत न चुकलेला माणूस माझ्याकडे बघायला लागला. ते मला सोसेना.

म्हणून मी तुझ्याकडे आलो. एक ओळ मागितली. 'भिवाला सांगितलेलं नव्हतं', एवढीच, तुझ्या सहीनं. चावडीत वाचायला.

"लिहिलं तर माझी नोकरी जाईल," तू म्हणालास. "आणि त्याचा हात परत येणार नाही."

"हात कोन मागतंय? त्याला येडा म्हनत्यात, त्ये थांबंल."

"श्रीपती, ते इतकं सोपं नाही."

"एका वळीत काय आवघड हाय?"

मी सगळं करून पाहिलं. गोड बोललो, धमकी दिली, तुझ्या वडिलांचं नाव घेतलं, वहिनींसमोर तुझा पाणउतारा केला. तुझ्या कंपनीऐवजी मी तुला पोसतो म्हणालो. आयुष्यात मला कुणी इतका वेळ नकार दिला नव्हता. शेवटी मी तुझ्या घरातून उठलो तो पुन्हा आत पाय ठेवायचा नाही असं म्हणून. पावसाळ्यात कंपनीनं माळ सोडला, तुझी नोकरी तशीही गेली, आणि तू नगरला मोटारींच्या कारखान्यात लागलास. तेव्हा तरी लिहायचंस! तेव्हा काय जाणार होतं? एकदा मी नगरला लोखंड आणायला आलो होतो तेव्हा त्या कारखान्यासमोर उभा राहिलो. तू एका लॉरीच्या चाकापाशी उकिडवा बसून दोन पोरगेल्या कारागिरांना काहीतरी समजावून सांगत होतास. सगळं मराठीत, बोटानं दाखवून दाखवून. ते पाहून माझं डोकं असं फिरलं की मी हाकही न मारता परतलो.

तुझा तेरावा झाल्यावर मी गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "या भाऊजी. उशीर केलात."

मी म्हटलं, "भांडन हुतं आमचं."

"ठाऊक आहे. ते म्हणायचे, श्रीपती एक दिवस भांडायला येईल, घरात चहाची पूड जास्त असू दे. दोन वर्षं जास्त आणतेय मी."

मी विचारलं, काही लिहून ठेवलंय का. त्या म्हणाल्या, "आजारपणात तीनदा कागद मागितला. तीनदा तसाच परत दिला. म्हणाले, हे श्रीपती आल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. मी म्हटलं, बोलावून घेऊ का त्यांना? तर म्हणाले, बोलावून नको. त्याचा तो येऊ दे."

मी चहा तसाच ठेवून उठलो. कारण मला कळलं होतं, वसंता. तू काय लिहू शकत नव्हतास ते मला कळलं होतं. खरं म्हणजे ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

आता ते लिहितो.

विमान यायच्या आठ-दहा दिवस आधी तू माझ्या कारखान्यात आला होतास. पाटीवरून झालेलं बोलणं तुझ्या मनात राहिलं असावं. तू म्हणालास, "श्रीपती, एक दिवस मला तुझी सगळी माणसं दे. माळावर नेतो. एक जुनं चाक मिळालंय, ते उघडून दाखवतो. ब्रेक कसा असतो, काय करायचं नाही ते सांगतो. तू म्हणालास ते खरं आहे, त्यांना माहीत हवं."

आणि मी काय म्हणालो? गोवऱ्या पेटलेल्या होत्या, आठ धावा चढवायच्या होत्या, पाडव्याची गिऱ्हाइकं डोक्यावर होती. मी म्हणालो, "आज न्हाई."

"मग कधी?"

"पाडव्यानंतर बघू. तुज्या इमानाला काय घाई? वर्सात दोनदा उतारतंय."

तू म्हणालास, "निदान भिवाला तरी एकट्याला ने‌ऊ दे. दोन तास."

"भिवा गेला तर पानी कोन टाकील?"

तू थोडा वेळ धगीपाशी उभा राहिलास, भिवाला पाणी ओतताना बघत. मग गेलास.

चौकशीत तू ती ओळ सांगितली असतीस, की यांना सांगितलेलं नव्हतं, तर साहेबाचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. का नाही सांगितलं? आणि तिथं माझं नाव आलं असतं. मी तुझ्या घरी येऊन तुला नको नको ते बोललो, तेव्हा तुला एवढंच म्हणायचं होतं, 'दिवस तू दिला नाहीस.' मी त्याचीच वाट बघत होतो. तू ते म्हणशील, मी अंगावर धावून येईन, दोघं एकमेकांची गचांडी धरू आणि काय ते मोकळं होईल. तू म्हणाला नाहीस. पुन्हा तीच रुमालातली बोरं. तू मला वाचवत होतास का तुझी नोकरी, का दोन्ही, हे मला आता कधीच कळणार नाही. पण तुझ्या गप्प बसण्याची किंमत तुला पडली नाही, मलाही पडली नाही. ती भिवाला पडली. एवढा हुशार तू, आणि हे तुला दिसलं नाही?

चार दिवसांपूर्वी सकाळी भिवा कारखान्यात लवकर आला. बाकीचे यायचे होते.

"मालक, नगरला जाऊन आलात म्हनं."

"आलो."

"वसंतराव जाताना काय बोलले का? माज्याबद्दल?"

नगरहून येताना मोटारीत मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. 'वसंता म्हणाला, भिवाची चूक नव्हती, मीच त्याला सांगितलं नव्हतं.' कुणाचं काय बिघडलं असतं? मी तोंड उघडलं. भिवानं डावा हात वर केला.

"खरं आसंल तर सांगा, मालक. न्हाईतर तुमी गिऱ्हाइकाला सांगता तसं सांगाल. ईस वर्सं आयकतोय. मला वळकू येतं."

मग मी खरं सांगितलं. तू दिवस मागितल्याचं, त्यालाच एकट्याला दोन तास मागितल्याचं, मी काय बोललो ते.

"कवा?" त्यानं विचारलं.

"पाडव्याच्या आदी. आठ धावा चढवल्या त्या दिशी."

"त्या समद्या धावांवर पानी म्याच टाकलं," भिवा म्हणाला. "मी रोज मनातल्या मनात त्या चाकापाशी जातो. म्हनतो, भिवा, जलम गेला चाकात, तुला कसं कळलं न्हाई? आन् तुमी दोगं..."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं अंगावरचा भुसा झटकला आणि तो निघून गेला. आज चौथा दिवस, तो आलेला नाही. काल मी चावडीवर उभा राहून सगळ्यांना सांगितलं, आणि आता इथं लिहितो आहे, म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यांनी हेही ऐकावं. भिवा सुताराची काही चूक नव्हती. तापलेल्या चाकावर पाणी टाकायचं नसतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वसंतनं आधी सांगितलं नाही, आणि त्याला सांगायचं होतं तेव्हा मी सांगू दिलं नाही.

ओळ लिहून झाली. मला वाटलं होतं ती लिहिली की तुझ्यावरचा राग जाईल. तो गेला नाही. वहिनींच्या घरात दोन वर्षांची चहाची पूड पडून आहे, माझ्या कारखान्यात भिवाची जागा रिकामी आहे, आणि तू नेहमीसारखा गप्प आहेस.

या सांगण्यातलं अर्धं तुझं होतं, वसंता. भिवाच्या तोंडाकडे बघून सगळं मला एकट्याला सांगावं लागलं.